जीवशास्त्रातला पोस्टडॉक: लॅब शोधण्यापासून करारावर सही करेपर्यंत

प्रबंध लिहून व्हायचा असतो, शेवटचा पेपर परीक्षकांच्या शेऱ्यांत अडकलेला असतो, आणि नेमका त्याच धांदलीत पुढच्या तीन-चार वर्षांचा, म्हणजे पोस्टडॉकचा (पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये करायच्या तात्पुरत्या संशोधनाचा) निर्णय समोर येऊन उभा राहतो. मग घाईघाईत नोकऱ्यांची संकेतस्थळं उघडली जातात आणि जी जाहिरात जुळतेय असं वाटेल तिला सीव्ही पाठवला जातो. पण जीवशास्त्रातल्या बऱ्याच चांगल्या जागा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत. कुणीतरी सात-आठ महिने आधी मेल केलेला असतो, एखाद्या परिषदेत पोस्टरपाशी बोलणं झालेलं असतं, आणि ग्रँट, म्हणजे संशोधनाचा निधी, मंजूर होईतो उमेदवार ठरूनही गेलेला असतो. जाहिराती जरूर बघा, पण शोधाची सुरुवात तिथून करू नका.

सुरुवात दोन प्रश्नांपासून करा. इथून बाहेर पडताना स्वतःचा म्हणून कोणता विषय मी घेऊन जाणार? आणि माझ्याआधी इथून बाहेर पडलेली माणसं आज कुठे आहेत? लॅबचा दबदबा, जर्नलचं नाव, शहर, हे सगळं त्यानंतर.

त्याआधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करून घ्या. विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत स्वतःचा गट उभा करायचा असेल, तर जीवशास्त्रात पोस्टडॉक जवळपास अटळ आहे. औषधकंपनीत, संशोधन-धोरणात, प्रकाशनात किंवा पेटंटच्या कामात जायचं असेल तर तो अनेकदा लागत नाही. ‘अजून ठरलं नाही’ म्हणून पोस्टडॉक घेतला, तर न ठरलेपण दोन-तीन वर्षं पुढे ढकललं जातं, एवढंच. जेनेन्टेकसारख्या काही कंपन्यांमध्ये पेपर प्रसिद्ध करू देणारे पोस्टडॉक कार्यक्रम आहेत. दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या असतील तर तेही यादीत घ्या.

आधी तारखांचा हिशेब

रुजू व्हायच्या तारखेपासून मागे मोजत या. किमान बारा ते अठरा महिने हातात हवेत. एवढे महिने लागतात, कारण लॅब शोधणं, बोलणी, फेलोशिपचा (स्वतःच्या नावाने मिळणाऱ्या विद्यावेतनाचा) अर्ज, निकाल आणि व्हिसा ही कामं बव्हंशी एकामागून एकच होतात.

फेलोशिपची घड्याळं दोन प्रकारची असतात, आणि त्यांची गल्लत सर्रास होते. एक घड्याळ पीएचडीच्या तारखेपासून चालतं. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडी होऊन दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपची पोस्टडॉकसाठीची मर्यादा चार वर्षं आहे, जपानच्या जेएसपीएसची सहा. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपमध्ये पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपर्यंत चालतो. दुसरं घड्याळ पोस्टडॉकच्या अनुभवाचं. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा के९९/आर०० हा पुरस्कार पोस्टडॉकपासून स्वतंत्र गटापर्यंत नेणारा आहे, आणि त्याला चार वर्षांहून जास्त पोस्टडॉक अनुभव चालत नाही. बाळंतपण, आजारपण, घरच्यांची शुश्रूषा यासाठी बहुतेक ठिकाणी मुदत वाढते, पण ती मागावी लागते, आपणहून मिळत नाही.

मग येतो देशांतराचा नियम. मारी क्युरीसाठी, अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेलं नसावं. हा नियम उदाहरणानेच नीट कळतो. समजा तुम्ही पीआयच्या (लॅबप्रमुखाच्या) ग्रँटवर जानेवारीत त्या देशात रुजू झालात. शेवटची तारीख सहसा सप्टेंबरात असते. पहिल्या सप्टेंबरात तुमचे आठ महिने झालेले असतील, म्हणजे अर्ज करता येईल. पण ‘आधी थोडे प्रयोग होऊ देत, मग अर्ज करू’ म्हणून तो चुकवलात, तर पुढच्या सप्टेंबरात वीस महिने भरलेले असतील आणि दार बंद. पीआयलाही हे कित्येकदा माहीत नसतं. एम्बो आणि एचएफएसपी (ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम हा आंतरराष्ट्रीय निधी) यांनाही देश बदललेला हवा असतो, आणि यजमान लॅबमध्ये आधीच बराच काळ काम केलेल्यांना अशा फेलोशिप सहसा घेत नाहीत. म्हणून रुजू होण्याची तारीख ठरवण्याआधी प्रत्येक फेलोशिपचं त्या वर्षीचं नियमपत्रक मुळातून वाचा. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे मित्राचा तीन वर्षांपूर्वीचा सल्ला इथे चालत नाही.

काय बदलायचं आणि काय ठेवायचं

पीएचडीचंच काम दुसऱ्या इमारतीत जाऊन पुढे चालू ठेवणं, ही पोस्टडॉकमधली सगळ्यात महागात पडणारी सोय. फेलोशिपचे परीक्षक ‘हे तर जुनंच काम’ असा शेरा मारतात आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत तुमची ओळख गाईडपासून वेगळी काढता येत नाही. उलट सजीव, तंत्र आणि प्रश्न हे तिन्ही एकदम बदलले, तर पहिलं दीड वर्ष नुसतं शिकण्यात जातं. मला विचाराल तर तिन्हींपैकी एक ठेवा आणि दोन बदला, किंवा दोन ठेवून एक मुळापासून बदला. उदाहरणार्थ, प्रश्न तोच, पण फळमाशीऐवजी ऑर्गेनॉइड (प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेला अवयवाचा छोटा नमुना). किंवा सजीव तोच, पण जनुकशास्त्राऐवजी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी (गोठवलेल्या रेणूंची रचना दाखवणारा).

मोठी उडी घेता येतच नाही असं नाही. वेंकी रामकृष्णन यांची पीएचडी १९७६ ची, भौतिकशास्त्रातली. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकलं आणि येलमध्ये पीटर मूर यांच्याकडे पोस्टडॉक केला. तिथे न्यूट्रॉन विकिरणाने रायबोसोमचा, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा, अभ्यास करताना जो प्रश्न हाती लागला, तो त्यांनी पुढे सोडला नाही. २००९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याच कामाचा वाटा होता. आज अशा उडीसाठी एचएफएसपीची वेगळी आंतरविद्याशाखीय फेलोशिप आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, अभियांत्रिकी यांतून पीएचडी करून जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठीच ती आहे.

विषय बरोबर घेऊन जाण्याचं आणखी जवळचं उदाहरण मार्टिन यिनेक यांचं. कॅस९ हे प्रथिन आरएनएच्या मार्गदर्शनाने डीएनए कापतं, हे दाखवणाऱ्या २०१२ च्या पेपरचे ते एक प्रमुख लेखक. तेव्हा ते बर्कलीत जेनिफर डाउडना यांच्या लॅबमध्ये पोस्टडॉक होते. पुढच्याच वर्षी झुरिक विद्यापीठात त्यांनी स्वतःचा गट सुरू केला आणि या प्रथिनांच्या रचनेचं काम तिथे पुढे नेलं. एवढ्या गाजलेल्या क्षेत्रात पोस्टडॉकला आपला वाटा घेऊन बाहेर पडता आलं, ही बाब लॅब निवडताना नजरेआड करू नका.

यादी करा आणि मग चाळणी लावा

दहा-पंधरा लॅब पुरेत. गेल्या दोन वर्षांत कोणते पेपर वाचून ‘हे आपण करायला हवं होतं’ असं वाटलं, तिथून सुरू करा. बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचे प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीच खुले केलेले पेपर, जर्नलपेक्षा कितीतरी आधी दिसतात, त्यामुळे लॅब आत्ता कुठल्या दिशेने चालली आहे हे तिथे कळतं. परिषदेत मोठ्या व्याख्यात्याभोवतीच्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा त्याच लॅबच्या पोस्टडॉकच्या पोस्टरपाशी अर्धा तास घालवा, लॅबबद्दल बरंच जास्त कळेल.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

पहिली चाळणी पैशाची. एनआयएचचा रिपोर्टर, युरोपीय संघाचा कॉर्डिस, ब्रिटनचा गेटवे टू रिसर्च, जर्मनीचा गेप्रिस, जपानचा काकेन हे सगळे खुले माहितीसंग्रह आहेत. पीआयचं नाव टाकलं की कोणती ग्रँट चालू आहे आणि कधी संपते ते दिसतं. ग्रँट आठ महिन्यांत संपत असेल आणि दुसरी दिसत नसेल, तर ‘तीन वर्षांची जागा आहे’ या वाक्याचा अर्थ मुलाखतीत स्पष्ट विचारायला हवा. याच संग्रहात ग्रँटचा गोषवाराही असतो. लॅब पुढे काय करणार आहे याची प्रसिद्ध न झालेली झलक तिथे फुकट वाचायला मिळते.

दुसरी चाळणी माणसांची. लॅबच्या पानावर ‘माजी सदस्य’ असतात. नसले तर जुन्या पेपरांच्या लेखकयादीतून काढा. शेवटचे आठ-दहा पोस्टडॉक घ्या. प्रत्येकाचा या लॅबमधला पहिला पेपर, ज्यात तो पहिला लेखक आहे, किती वर्षांनी आला? तो आज काय करतो? स्वतंत्र गट सुरू केलेल्यांचं काम मूळ लॅबच्या विषयाला धरून आहे की त्यांना सगळं सोडून नव्याने सुरुवात करावी लागली? यादीत अशी नावं दिसतात का, जी दोन वर्षं होती आणि एकाही पेपरवर नाहीत? अशा एखाद्या नावाला काही कारण असू शकतं. तीन-चार असतील तर त्यांच्यापैकी एकाला मेल करून बोलायची विनंती करा. बोलायला तयार झालेला माजी सदस्य दहा मिनिटांत जे सांगतो, ते लॅबच्या पानावर कधीच सापडणार नाही.

मोठी जुनी लॅब की नवा गट, यावर सरसकट उत्तर नाही. मोठ्या लॅबमध्ये उपकरणं, पैसा, ओळखी भरपूर असतात, पण एकाच प्रश्नावर दोघातिघांना सोडण्याची पद्धतही तिथेच आढळते. नव्या गटात पीआय स्वतः तुमच्या शेजारी बसून प्रयोग करतो आणि शिकायला खूप मिळतं. पण त्याला त्याची स्वतःची नोकरी पक्की करायची असते, त्यामुळे विषय तुम्हाला देऊन टाकणं त्याला जड जातं. ताजी ईआरसी (युरोपीय संशोधन परिषद) स्टार्टिंग ग्रँट मिळालेला गट, म्हणजे पाच वर्षं आणि १५ लाख युरोपर्यंतचा निधी, हा माझ्या दृष्टीने फार चांगला मधला मार्ग आहे.

पहिला मेल

मेल छोटा हवा, फोनच्या पडद्यावर दोनदा सरकवून संपेल इतका. ‘तुमच्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ या वाक्याने सुरू झालेला मेल पन्नास जणांना गेलेला असतो, हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं.

समजा तुमची पीएचडी झेब्राफिशच्या पार्श्वरेषेवर आहे, म्हणजे गर्भात एकत्र सरकत जाणाऱ्या पेशींच्या समूहावर, आणि तुम्हाला ऊतींमधला ताण मोजणाऱ्या लॅबमध्ये जायचं आहे. मग मेलचा गाभा असा असेल: ‘ताण वाढला की पेशी एकमेकींशी जागा बदलायचं थांबवतात, असं तुमच्या नव्या प्रीप्रिंटमध्ये दिसतं. माझ्या कामात सरकणाऱ्या समूहाच्या मागच्या टोकाच्या पेशी ठरावीक अंतराने मागे राहतात. हे रासायनिक संकेतामुळे घडतं की ताणामुळे, ते आम्हाला वेगळं करता आलं नाही. तुमची मोजण्याची पद्धत सरकत्या समूहावर लावता आली तर ते वेगळं करता येईल, असं मला वाटतं.’ एवढ्या चार वाक्यांत तुम्ही त्यांचं काम वाचलंय, तुम्हाला काय येतं, काय येत नाही आणि तुम्ही विचार कसा करता, हे चारही कळतं.

त्याखाली तीन गोष्टी: कधी मोकळे होणार, कोणत्या फेलोशिपला कोणत्या महिन्यात अर्ज करायचा विचार आहे, आणि तुमच्याबद्दल बोलू शकतील अशा तिघांची नावं. सोबत सीव्ही, एकाच पीडीएफमध्ये. फेलोशिपचा उल्लेख टाळू नका. पैसे नसलेला पीआयसुद्धा त्या ओळीमुळे उत्तर देतो. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. त्यानंतरही नाही आलं तर यादीतल्या पुढच्या नावाकडे वळा.

शिफारसपत्रांचं आत्ताच बघा. ती देणाऱ्यांना किमान चार आठवडे द्या आणि सोबत सीव्ही व प्रकल्पाचा एक पानी गोषवारा पाठवा, म्हणजे पत्रात नेमकेपणा येतो. पीएचडीच्या गाईडशी संबंध बिघडलेले असतील, तर प्रबंध-समितीतल्या किंवा सहकारी लॅबमधल्या व्यक्तीला विश्वासात घ्या. गाईडचं पत्र का नाही, हे तिने एका वाक्यात सांगितलेलं तुम्ही सांगण्यापेक्षा जास्त मानलं जातं.

फेलोशिपचा अर्ज

स्वतःची फेलोशिप म्हणजे पगाराबरोबर थोडं स्वातंत्र्यही. प्रकल्प तुमच्या नावाने मंजूर झालेला असतो, त्यामुळे तो परस्पर दुसऱ्याला देणं अवघड होतं. एचएफएसपी तीन वर्षांची असते. आधी छोटं प्राथमिक पत्र मागवतात आणि त्यातून निवडलेल्यांनाच पूर्ण अर्ज करता येतो. पीएचडीपासून स्पष्टपणे वेगळं, धाडसी काम त्यांना हवं असतं. एम्बो दोन वर्षांपर्यंत असते, हुम्बोल्ट सहा ते चोवीस महिने. अमेरिकेतल्या लॅबसाठी हेलन हे व्हिटनी, जेन कॉफिन चाइल्ड्स, लाइफ सायन्सेस रिसर्च फाउंडेशन आणि कर्करोगाच्या कामासाठी डेमन रनयन अशा खासगी संस्था परदेशी नागरिकांचाही विचार करतात. एनआयएचची एफ३२ फेलोशिप मात्र फक्त नागरिक व कायम रहिवाशांना. चुरस वाढतच आहे. मारी क्युरीला २०२४ मध्ये १०,३६० अर्ज आले होते, २०२५ मध्ये १७,०५८. म्हणून एकाच अर्जावर विसंबू नका. जिथे चालतं तिथे तोच प्रकल्प दोन-तीन ठिकाणी पाठवा आणि पीआयच्या ग्रँटवर सुरुवात करण्याची बोलणीही सोबत चालू ठेवा.

प्रस्ताव तुम्ही लिहायचा, पीआयने त्यावर शेरे द्यायचे. लॅबमधल्या एखाद्याचा मंजूर झालेला अर्ज मागून घ्या, लोक सहसा देतात. अर्ज पडतात ते बहुतेक नेहमीच्याच कारणांनी: दोन वर्षांत पाच वर्षांचं काम, किंवा दुसरं उद्दिष्ट सगळं पहिल्यावर अवलंबून. नव्या जनुकीय बदलाचा उंदीर तयार करून त्याची संख्या वाढवण्यात वर्ष सहज जातं. तो उंदीर मिळाल्याशिवाय काहीच सुरू होत नसेल तर परीक्षक तिथेच थांबतात. पहिल्या सहा महिन्यांत हाती असलेल्या साधनांवर होईल असं एक काम ठेवा, आणि मुख्य अंदाज चुकला तरी कोणता निष्कर्ष निघेल ते लिहा. ‘या लॅबमध्ये मी काय शिकणार’ हा भागही मनापासून लिहा. फेलोशिप देणारे तुमच्या प्रयोगाइतकंच तुमच्या घडण्याकडे बघतात.

मुलाखत म्हणजे तुम्हीही बघायचं

पाऊण तासाच्या सेमिनारमध्ये पीएचडीचं सगळं सांगायचा मोह आवरा. एक प्रश्न, त्याचा माग, एक वाट जी बंद निघाली आणि ती बंद आहे हे कसं कळलं, एवढं पुरे. शेवटची पाच मिनिटं या लॅबमध्ये काय करावंसं वाटतं त्यासाठी ठेवा.

लॅबच्या लोकांना पीआय नसताना भेटायला मागा. ऑनलाइन मुलाखत असेल तरी मागा. ‘लॅब कशी आहे’ असं विचारलं की सगळे ‘छान’ म्हणतात. त्यापेक्षा मोजता येईल असं विचारा. मसुदा दिल्यापासून पेपर जर्नलला जाईपर्यंत किती महिने लागले? पीआयशी एकट्याने शेवटचं बोलणं कधी झालं? दोघांना एकच प्रकल्प मिळालाय असं कधी झालं का? शेवटची मोठी सुट्टी कधी घेतली? उत्तरं देताना लोक एकमेकांकडे बघू लागले, तर तीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

करार, पगार, व्हिसा

करारात पद, मुदत, मुदतवाढीची अट, वेतनश्रेणी, आरोग्यविमा, कुटुंबाचा विमा आणि स्थलांतराचा खर्च हे सगळं लेखी हवं. अमेरिकेत अनेक संस्था एनआयएचचं विद्यावेतन पायाभूत धरतात. २०२४ साली नव्या पोस्टडॉकसाठी ते वर्षाला ६१,००८ डॉलर होतं. हा आकडा गावागणिक फार वेगळा ठरतो, कारण खरा फरक घरभाड्यात पडतो. त्यामुळे लॅबमधल्या पोस्टडॉकलाच भाड्याबद्दल विचारा. तिथे आणखी एक गोष्ट बघा: स्वतःची फेलोशिप मिळाली की काही संस्थांमध्ये तुम्ही कर्मचारी राहत नाही, आणि निवृत्तिवेतनाचा वाटा किंवा विम्याच्या अटी बदलतात. फेलोशिप स्वीकारण्याआधी मनुष्यबळ विभागाला हे लेखी विचारा.

जर्मनीत कायद्याने तात्पुरत्या करारांना पीएचडीनंतर साधारण सहा वर्षांची मर्यादा आहे, वैद्यकशास्त्रात नऊ. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर संशोधक म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, आणि तो कार्यक्रम संपवल्यावर त्याच वर्गात परतायला २४ महिने थांबावं लागतं. काहींना याशिवाय दोन वर्षं मायदेशी राहण्याची वेगळी अट लागू होते. या दोन्ही अटी वेगवेगळ्या आहेत. तुम्हाला कोणती लागू आहे ते व्हिसाच्या कागदावरून तपासा.

राहिला विषयाचा प्रश्न, जो पीआयला विचारायला सगळेच कचरतात. पण विचारायची वेळ सही करण्याआधीचीच आहे. साधं विचारा: ‘इथून जाताना या प्रकल्पाचा कोणता भाग मला नेता येईल? तुमच्या मागच्या पोस्टडॉकने काय नेलं?’ चांगला पीआय यावर रागावत नाही. बहुतेकदा त्याच्याकडे उत्तर तयार असतं, कारण त्यानेही कधीतरी हेच विचारलेलं असतं. ‘बघू नंतर’ असं ऐकलंत तर पुन्हा एकदा, थोडं नेमकं करून विचारा: हा सजीव, ही पद्धत की हा प्रश्न? बोलणं झालं की त्याच दिवशी दोन-तीन ओळींचा मेल करा, ‘आपलं असं ठरलं असं मी समजतो आहे’ किंवा ‘समजते आहे’ अशा साध्या शब्दांत. पीआयचं उत्तर आलं की मग करारावर सही करा.